उणिवेची शैली : विद्यार्थ्यांची गीतचित्रफीत, तिचे मुखचित्र आणि खान्देशातील प्रकारसंकेत

वाङ्मयप्रकार म्हणजे वर्गीकरणाचा खण, की निर्माता आणि आस्वादक यांच्यातील अलिखित करार, हा प्रश्न मराठी समीक्षेला अपरिचित नाही. कादंबरी-लघुकादंबरी, कथा-दीर्घकथा यांच्या सीमारेषा आखण्यात तिने पुष्कळ शक्ती वेचली आहे. परंतु आजचा पदवी-पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ज्या प्रकाराचे संकेत स्वतःच्या हाताने वापरून पाहतो, त्या गाण्याच्या चित्रफितीकडे आणि तिच्याबरोबर सिद्ध होणाऱ्या मुखचित्राकडे ती बहुधा ‘लोकप्रिय’ या एका विशेषणाची चिठ्ठी लावून पुढे जाते. ही उपेक्षा निरुपद्रवी नाही. विद्यार्थ्याच्या चित्रफितीला गुण द्यावे लागतात. गुण देताना ‘स्वतंत्र’, ‘अनुकरणात्मक’, ‘भडक’, ‘संयत’ असे शब्द योजावे लागतात. आणि या प्रत्येक शब्दाच्या पोटात प्रकाराविषयीचा एक न तपासलेला सिद्धांत दडलेला असतो.

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत हा सिद्धांत तपासून पाहण्याची संधी अनायासे मिळते. येथील विद्यार्थ्यासमोर गीतचित्रफितीच्या दोन परंपरा एकाच वेळी, हातातल्या एकाच पडद्यावर उभ्या असतात. एक अहिराणी गाण्यांची : हळदीला आणि वरातीत वाजणारी, नाचण्याजोगी, रंगांची उधळण करणारी. दुसरी ‘इंडी’ या नावाने ओळखली जाणारी : मुंबई-पुणे-दिल्लीच्या वाटेने आलेली, मुळात इंग्लंड-अमेरिकेतील, मंद प्रकाशाची आणि एकट्या तरुणाची. दोन्ही परंपरा मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयाबाहेर वाढू शकतात. दोन्हींत पैसा थोडा असतो, माणसे थोडी असतात, आणि एकाच माणसाला चार कामे करावी लागतात. तरीही ‘इंडी’ हे नाव दुसरीलाच मिळते. पहिलीला ‘खान्देशी गाणे’ म्हटले जाते. व्यवहाराच्या दृष्टीने सारख्याच स्वतंत्र असलेल्या दोन वस्तूंपैकी एकीलाच स्वातंत्र्यवाचक नाव का मिळावे, याचे उत्तर प्रकारसंकेतांच्या स्वरूपात शोधावे लागते.

‘इंडी’ हा शब्द आरंभी शैलीचा नव्हताच. तो व्यवहाराचा होता. १९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या वाद्यवृंदाने ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी कोणत्याही कंपनीवाचून स्वतःच काढली. तिच्या वेष्टनावरचे छायाचित्र पोलरॉइड कॅमेऱ्याने टिपलेले होते. त्यात सौंदर्यविचारापेक्षा सोय अधिक होती. १९८०पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे वितरित होणाऱ्या तबकड्यांची वेगळी विक्रीयादी प्रसिद्ध होऊ लागली. त्या यादीत शिरण्याची अट वितरणाची होती, स्वरांची नव्हती. १९८६ साली ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने ‘सी-८६’ ही ध्वनिफीत काढली आणि त्यानंतर ‘इंडी’ म्हणजे झणझणणाऱ्या गिटारी, हळवा नि काहीसा बुजरा आवाज, हाताने लिहिल्यासारखी अक्षरे, असा शैलीवाचक अर्थ झपाट्याने रूढ झाला. पुढे मोठ्या कंपन्यांनीही ती शैली उचलली. एके काळी परिस्थितीने लादलेली उणीव अशा रीतीने संकेत बनली. पोलरॉइडचा फिकटपणा आज महागड्या कॅमेऱ्याने टिपलेल्या स्वच्छ प्रतिमेवर संगणकाच्या साहाय्याने चढवला जातो.

भरताने नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद केला आहे. इंडी चित्रफितीतला थरथरणारा कॅमेरा, दाणेदार प्रतिमा, चौकटीच्या कडेने आत सांडलेला उजेड, कॅमेऱ्याची दखल न घेता चालत राहणारा नायक, हे सर्व लोकधर्मीचा आव आणणारे नाट्यधर्मी संकेत होत. ते पाळण्यासाठी जितकी काटेकोर दक्षता लागते तितकी पावसात नाचणाऱ्या हिंदी चित्रपटाच्या नायिकेलाही लागत नसेल. अनलंकृत दिसण्याचा हा अलंकार आहे. तो अलंकार म्हणून ओळखला तर त्याच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. अडचण तेव्हा उद्भवते जेव्हा परीक्षक त्याला ‘प्रामाणिकपणा’ समजतो.

विद्यार्थ्याने गीतचित्रफीत करावी आणि तिच्या जोडीला मुखचित्र सिद्ध करावे, हा अभ्यासप्रकार शाळा-महाविद्यालयांत रुळला तो प्रामुख्याने इंग्लंडमध्ये. तेथील ओसीआर या परीक्षामंडळाच्या २००८च्या सुमारास लागू झालेल्या माध्यम-अभ्यासाच्या ए-लेव्हल अभ्यासक्रमात एक पर्याय असा होता : गाण्याची चित्रफीत, आणि तिच्यासोबत तबकडीचे वेष्टन (ज्याला तेथे ‘डिजिपॅक’ म्हणतात), नियतकालिकातील जाहिरात किंवा संकेतस्थळाचे पहिले पान यांपैकी दोन गोष्टी. काम संपल्यावर विद्यार्थ्याने काही प्रश्नांची उत्तरे द्यावयाची होती. त्यांतला पहिला, आपण प्रत्यक्ष माध्यमकृतींचे संकेत कसे वापरले, कसे विकसित केले किंवा त्यांना कसे आव्हान दिले, अशा आशयाचा होता. प्रश्न वरवर निर्दोष आहे. त्यामागे एक गृहीतक मात्र आहे : संकेत हे विद्यार्थ्यापासून काही अंतरावर, फळीवर मांडलेल्या हत्यारांसारखे ठेवलेले असतात आणि तो हवे ते उचलतो. स्टीव्ह नील यांनी १९८० साली ‘जॉन्र’ या छोट्या पुस्तकात प्रकाराची प्रक्रिया पुनरावृत्ती आणि भेद यांच्या खेळातून समजावून दिली होती. वर्गात पोहोचेपर्यंत तिची तीन क्रियापदे झाली आणि त्यांची चढती श्रेणीही लागली : वापरणारा सामान्य, विकसित करणारा बरा, आव्हान देणारा उत्तम. चांगल्या सिद्धांताचे परीक्षापत्रिकेत जे होते ते येथेही झाले.

धुळ्याच्या किंवा जळगावच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. अहिराणी गाण्याचे संकेत त्याच्यापासून अंतरावर नसतात; मामाच्या लग्नात तो त्यांच्यावर नाचलेला असतो. उलट इंडीचे संकेत त्याच्यापासून फार अंतरावर असतात, म्हणूनच ते त्याला ‘निवडता’ येतात. या अंतराच्या फरकातून मूल्यमापनातला एक दुटप्पीपणा जन्माला येतो. रावेरच्या केळीच्या बागेत नायक-नायिकेला नाचवणाऱ्या चित्रफितीवर ‘हिंदी चित्रपटाची नक्कल’ असा शेरा सहज बसेल. रेल्वेच्या खिडकीशी बसलेल्या, कानात ध्वनियंत्र अडकवलेल्या, कुठेच न पोहोचणाऱ्या तरुणाच्या चित्रफितीवर ‘स्वतंत्र दृष्टी’ असा शेरा तितक्याच सहजपणे बसेल. वस्तुतः दुसरीही नक्कलच आहे. तिचा नमुना परीक्षकाच्या नजरेपासून दूर आहे, एवढेच. जवळच्या नमुन्याचे अनुकरण नक्कल ठरते आणि लांबच्या नमुन्याचे अनुकरण शैली ठरते. मराठी नवकवितेच्या आणि नवकथेच्या काळात हा घोळ साहित्यात झालेला होता. त्याची पुनरावृत्ती आता दृश्यमाध्यमात होते आहे.

अहिराणी गीतचित्रफितीचे संकेत नेमके कोणते, हे पाहण्यासाठी रिक ऑल्टमन यांनी १९८४ साली चित्रपटप्रकारांसंदर्भात मांडलेला भेद उपयोगी पडतो. प्रकाराचे एक अंग शब्दकोशासारखे : ठराविक वस्तू, स्थळे, पात्रे, वेश. दुसरे अंग वाक्यरचनेसारखे : त्या वस्तूंना जोडणारे संबंध. अहिराणी चित्रफितीचा शब्दकोश पुष्कळ अंशी या मातीतला आहे. शेताचा बांध, कापसाचे वावर, ट्रॅक्टर, गावातला पार, विहीर, नऊवारीतली आजी, मोटरसायकल, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोली. वाक्यरचना मात्र या मातीतली नाही. मुलाने मुलीला पाहणे, मागे लागणे, तिने झिडकारणे, मित्रांनी साथ देणे, शेवटी तिने हसणे, आणि या सर्वांच्या अधूनमधून एका ओळीत उभे राहून समूहाने नाचणे, ही वाक्यरचना हिंदी चित्रपटगीताची आहे. ‘हाई झुमकावाली पोर’ हे विनोद कुमावत यांच्या नावाशी जोडले गेलेले, यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेलेले गाणे घ्या. त्याचे नुसते शीर्षक वाचले तरी दोन्ही अंगे स्वच्छ दिसतात. ‘हाई’ आणि ‘पोर’ हे शब्द बोलीचे. मुलीला तिच्या दागिन्यावरून नाव देण्याची रीत मात्र चित्रपटगीताने देशभर पोहोचवलेली. नाम नाही, विशेषणच आहे. आणि ते विशेषण पाहणाऱ्याने दिलेले आहे.

गाणे आणि दृश्य यांच्या संबंधाविषयी अँड्र्यू गुडविन यांनी ‘डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी’ (१९९२) या ग्रंथात तीन शक्यता सांगितल्या आहेत : दृश्य गाण्याचे चित्रण करते, त्याचा अर्थ वाढवते किंवा त्याच्यापासून फारकत घेते. हे त्रिक आपल्याकडच्या अभ्यासकाला अगदीच परके वाटू नये. फैजपूरला जन्मलेल्या मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम मांडले होते. दोन्ही त्रिके एक नव्हेत, पण दोन घटकांमधील नात्यात सौंदर्य शोधण्याची वृत्ती दोन्हींत आहे. या कसोटीवर अहिराणी चित्रफीत बहुशः चित्रणाच्या टप्प्यावर थांबते. शब्दांत झुमका आला की पडद्यावर झुमका येतो. याला कल्पनाशून्यता म्हणण्याची घाई करू नये. हे गाणे एकट्याने बसून ऐकण्यासाठी केलेले नसते. ते हळदीच्या मांडवात आणि वरातीच्या मोठ्या कर्ण्यांवर वाजण्यासाठी केलेले असते. चित्रफीत ही त्याची अर्थमीमांसा नसून नाचाचा वस्तुपाठ आहे. पाय कोठे टाकायचा, हात कधी उचलायचा, हे तिच्यावरून शिकले जाते. गाण्यातील एकच पालुपद पुन्हापुन्हा येते ते कवीला दुसरे सुचले नाही म्हणून नव्हे. वरात चौकातून पुढे सरकेपर्यंत ते पुरावे लागते. प्रकाराचा विचार त्याच्या प्रयोजनापासून तोडून केला की असे सर्व गुण दोष दिसू लागतात.

उणिवेकडे परत यावे लागते, कारण विद्यार्थ्याचा खरा प्रश्न तोच आहे. त्याच्याजवळ पैसा नाही, प्रकाशयोजना नाही, नट नाहीत. इंडी त्याला सांगते : ही उणीव मिरव. अहिराणी चित्रफीत सांगते : ही उणीव झाक, लग्नाचे चित्रण करणाऱ्या मित्राकडून ड्रोन आण, कॅमेरा हलू नये म्हणून गिंबल आण, रंग गडद कर. दोन्ही सल्ले आपापल्या जागी समजण्याजोगे आहेत. ज्याच्या घरात कधी काही उणे नव्हते त्याला उणीव शोभते. ज्याने ती भोगली आहे त्याला पडद्यावर तरी ती नको असते. भडक रंगांना नाके मुरडणाऱ्या अभिरुचीने एवढे ध्यानात घ्यावयास हवे.

या दोहोंखेरीज तिसरी वाट आहे, आणि ती धुळ्यापासून आग्रा रस्त्याने फार दूर नसलेल्या मालेगावात सापडते. नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. यंत्रमागावर काम करणारे नट, चित्रफितीचा कॅमेरा आणि घोड्यांऐवजी सायकली. सायकलीवर स्वार झालेले डाकू ही केवळ विनोदाची कल्पना नाही. घोडा गेला तरी स्वाराची ऐट शिल्लक राहते. किंबहुना घोडा गेल्यामुळेच ती ऐट म्हणजे काय असते ते प्रथमच डोळ्यांना दिसते. संकेत वस्तूपासून सुटा होऊन उभा राहतो. प्रेक्षक हसतो तो गरिबीला नव्हे, ‘शोले’ने आपल्याला इतकी वर्षे कशाच्या बळावर बांधून ठेवले याच्या अकस्मात झालेल्या जाणिवेला. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात नायकाला आकाशात उडवण्यासाठी चाललेली खटपट पाहता येते. या मंडळींनी प्रकारसिद्धांत वाचला नसेल. पण प्रकाराचे अवयव वेगळे करण्याचे काम त्यांनी अनेक प्रबंधांपेक्षा नेमके केले. मालेगावात उणीव लपत नाही आणि मिरवतही नाही. ती उघड होते, आणि तिच्यासोबत संकेतही उघडा पडतो.

लपवण्याच्या वाटेलाही कमी लेखण्याचे कारण नाही, याची साक्ष खान्देशातच आहे. चाळीसगावच्या रेल्वेस्थानकाजवळच्या आपल्या घरात केकी मूस (१९१२-१९८९) यांनी ‘टेबलटॉप’ छायाचित्रणाचे जे प्रयोग केले त्यांत घरातल्याच लहानसहान वस्तू टेबलावर मांडून निसर्गदृश्ये उभी केलेली आहेत. घराबाहेर फारसे न पडणाऱ्या या कलावंताने दूरचे प्रदेश टेबलाच्या लांबीरुंदीत आणले. पाहणाऱ्याला ती खरी दृश्ये वाटतात, आणि खरी वाटावीत हाच त्यांचा हेतू आहे. येथे साधनांची मर्यादा पूर्णपणे झाकलेली आहे, तरीही या झाकण्यात खोटेपणाचा स्पर्श नाही. कारण प्रमाण, प्रकाश आणि अंतर यांचे जे ज्ञान त्यामागे आहे ते दृश्याच्या प्रत्येक सावलीत जाणवते. विद्यार्थ्याच्या चित्रफितीत उणीव झाकण्याचा प्रयत्न फसतो तो झाकण्याची इच्छा चुकीची असते म्हणून नव्हे. ते ज्ञान मिळवण्याऐवजी तयार छटा विकत घेतली जाते म्हणून.

मुखचित्राचा विचार याच संदर्भात करणे सोयीचे. झेरार झनेत यांनी ‘सई’ (१९८७) या ग्रंथात संहितेच्या उंबरठ्यावरच्या सामग्रीला, म्हणजे शीर्षक, मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका इत्यादींना, स्वतंत्र अभ्यासविषय केले. गीतचित्रफितीचा उंबरठा म्हणजे तिचे थंबनेल. इंग्रजीत शब्दशः अंगठ्याच्या नखाएवढे चित्र, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ते खरोखरच फारसे मोठे नसते. अहिराणी गाण्याच्या थंबनेलवर सामान्यतः नायक-नायिकेचे कापून चिकटवलेले चेहरे, पिवळ्या-तांबड्या कडा असलेली ठसठशीत अक्षरे, गायक-निर्मात्यांची नावे अशी गर्दी असते. या रचनेचे नाते चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्स फलकाशी आहे आणि त्यामागे एसटी स्थानकाबाहेरच्या दुकानांत टांगलेल्या ध्वनिफितींच्या वेष्टनांशी आहे. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) मध्ये उत्तर भारताच्या संदर्भात दाखवून दिले की स्वस्त ध्वनिफितीने प्रादेशिक आणि बोलीतल्या संगीताला मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीतून बाहेर काढले. त्या ध्वनिफितीच्या वेष्टनाला लांबून, गर्दीतून, धावत्या नजरेला बोलवायचे होते. थंबनेललाही तेच करायचे आहे. गर्दी ही येथे अभिरुचीची चूक नसून उपयोगातून आलेला संकेत आहे.

इंडीचे मुखचित्र याच्या नेमके उलट वागते. पीटर सॅव्हिल यांनी १९७९ साली ‘जॉय डिव्हिजन’च्या ‘अननोन प्लेझर्स’ या तबकडीचे जे वेष्टन केले त्याच्या दर्शनी बाजूवर वाद्यवृंदाचे नाव नाही, तबकडीचे नाव नाही, चेहरा नाही. आहेत त्या फक्त एका खगोलशास्त्रीय कोशातून घेतलेल्या, स्पंदक ताऱ्याच्या आलेखाच्या पांढऱ्या रेषा. ही अबोल रचना अविस्मरणीय आहे. पण तिचा अबोलपणा ज्यावर उभा होता त्या गोष्टी विसरू नयेत : सुमारे बारा इंच लांबीरुंदीचे वेष्टन, ते हातात घेऊन उलटून पाहू देणारे दुकान, आणि नाव शोधून काढण्यात आनंद मानणारा ग्राहक. हीच रचना नखाएवढ्या चित्रात आणली की तिचा अबोलपणा मुका होतो. विद्यार्थ्यांनी केलेल्या इंडी धर्तीच्या मुखचित्रांत हा दोष वरचेवर संभवतो. बारीक रोमन अक्षरे, रिकामे आकाश, पाठमोरी आकृती. नमुना ओळखता येतो, पण ज्या अवकाशासाठी तो घडला होता तो अवकाश हाती नसतो.

रोमन अक्षरांचा प्रश्न आणखी खोल आहे. शोधयंत्रात सापडावे म्हणून अहिराणी गाण्यांची नावेही रोमन लिपीत दिली जातात. तो व्यवहार झाला. परंतु इंडी मुखचित्रावर देवनागरी येत नाही त्याचे कारण निराळे आहे. हाताने लिहिलेले, बुजरे, घरगुती वाटणारे रोमन अक्षर कसे असावे याचा एक संकेत चार-पाच दशकांत घडला. देवनागरीत तसा संकेत घडलेलाच नाही. शिरोरेषा कोठे तोडावी, वेलांटी किती सैल सोडावी, वहीच्या मागच्या पानावरचे अक्षर मुखचित्रावर आणले तर ते कोणत्या प्रकाराची खूण ठरेल, हे अजून कोणी ठरवलेले नाही. वास्तविक विद्यार्थ्याला काही नवे करावयास येथे मोकळे रान आहे. तो मात्र नेमकी हीच जागा सोडून देतो आणि गाणे अहिराणीत असले तरी उंबरठ्यावर इंग्रजी होतो.

एवढ्यावरून अहिराणी चित्रफितीची बाजू घेऊन देशीवादाच्या नावाने निकाल द्यावा, असा मोह होणे स्वाभाविक आहे. नेमाडे यांची देशीवादाची मांडणी खान्देशातल्या अभ्यासकाच्या तर हाडीमासी रुजलेली असते. पण बोली आहे म्हणून कृती देशी, हे समीकरण येथे फसते. वर म्हटल्याप्रमाणे शब्दकोश देशी आणि वाक्यरचना आयात, अशी ही स्थिती आहे. या आयातीची किंमतही मोजावी लागली आहे, आणि ती कोणी मोजली हे पाहिले पाहिजे.

खान्देशातील मौखिक गीतपरंपरेचा मोठा भाग स्त्रियांचा आहे. जात्यावरच्या ओव्या, श्रावणातल्या कानबाईची गाणी, आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गौराईची गाणी, यांत बोलणारी ती आहे. सासरी गेलेली मुलगी मुराळ्याची वाट पाहते, माहेरच्या वाटेवरची झाडे मोजते, सासूचे बोल सांगते. बहिणाबाईंची (१८८०-१९५१) कविता ज्या लेवा बोलीत आहे ती अहिराणीहून वेगळी. परंतु शेतात आणि घरात राबणाऱ्या स्त्रीनेच जगाकडे पाहावे आणि त्याविषयी बोलावे, ही स्थिती दोन्हीकडे समान. गीतचित्रफितीत ही स्थिती उलटली. बोलणारा ‘तो’ झाला आणि ‘ती’ पाहण्याची वस्तू झाली. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली चित्रपटातील पुरुषी नजरेविषयी जे लिहिले ते अहिराणीला लागू करण्यात नवे काही नाही. येथे नवे आहे ते एवढेच, की त्याच प्रदेशाच्या, त्याच बोलीच्या परंपरेत दुसरी वाक्यरचना शतकानुशतके उपलब्ध होती आणि पडद्यावर येताना ती गळून पडली. हे कोणी कट करून केले नाही. आखाजीचे गाणे एका प्रसंगाचे आणि एका समूहाचे असते. त्याला नायिका नसते, पाठलाग नसतो, तीन मिनिटांत पुरा होणारा शेवट नसतो. चित्रपटगीताच्या साच्यात ते बसले नाही, एवढेच घडले. आणि इंडी? तिच्यातही चालत राहणारा तो एकटा ‘तो’च आहे. तिच्यात स्त्री बहुधा येते ती आठवण म्हणून, धूसर होऊन. या एका मुद्द्यावर एरवी परस्परविरोधी असलेले दोन्ही प्रकार हातात हात घालून चालतात.

संकेतांना आव्हान देणे म्हणजे काय, याचा विचार या ठिकाणी नव्याने करावा लागतो. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ (२००९) हा लघुपट अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यास करताना विद्यार्थी म्हणून केलेले काम होते. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘सैराट’मध्ये (२०१६) त्यांनी प्रेमगीताची सर्व सामग्री, विहीर, ऊस, मित्रांची टोळी, संथ गतीतली धाव, पूर्ण श्रद्धेने वापरली. अजय-अतुल यांच्या संगीतासाठी हॉलिवुडमधल्या वाद्यमेळाचे ध्वनिमुद्रण झाले. चारही गाणी पूर्वार्धात आहेत. उत्तरार्धात गाणे नाही, आणि त्याचे नसणे प्रेक्षकाला शारीरिक पातळीवर जाणवते. पूर्वार्धातले गाणे जर उपरोधाने, हातचे राखून, ‘आम्हाला हे संकेत कळतात बरे’ अशा आविर्भावात चित्रित झाले असते, तर उत्तरार्धातली शांतता इतकी भीषण झाली नसती. वापर, विकास, आव्हान अशी चढती भाजणी लावणाऱ्या परीक्षापत्रिकेला येथे उत्तर मिळते : संकेताचा निःशंक वापर हाच येथे आव्हानाचा पूर्वार्ध होता. शिवाय ‘सैराट’मधली आर्ची पाहते, बुलेट चालवते, शेतात ट्रॅक्टर घेऊन येते. शब्दकोश तोच, पण वस्तूंचे धनीपण बदललेले.

खान्देशातल्या विद्यार्थ्यासमोर असलेला प्रश्न म्हणूनच इंडी की अहिराणी असा नाही. आखाजीच्या गाण्याची चित्रफीत करायची ठरवली तर कॅमेरा कोठे ठेवायचा, असा तो आहे. झोका निंबाला बांधलेला आहे. कॅमेरा जमिनीवर, समोर ठेवला तर येणारी-जाणारी मुलगी पुन्हा पाहण्याची वस्तू होते, लुगड्याचा रंग आणि पायातले पैंजण आपोआप मध्यभागी येतात आणि चित्रपटगीताची वाक्यरचना सुरू होते. कॅमेरा हातात धरून थरथरू दिला आणि प्रतिमा दाणेदार केली तर गाण्यातल्या समूहाची एकटी, उदास नायिका होते. हा इंडीचा साचा. कॅमेरा झोक्यावरच बसवला तर पडद्यावर ती दिसत नाही. तिला जे दिसते ते दिसते : उंच गेल्यावर गावाबाहेरचा रस्ता, खाली आल्यावर झोका देणाऱ्या मैत्रिणींचे चेहरे, पुन्हा रस्ता. रस्त्यावर अजून कोणी नाही. गाण्याची लय आणि झोक्याची लय एकच असल्याने संकलकाला तुकडे जोडण्याचे काम फारसे उरत नाही, आणि आवाज कोणा एकीचा आहे हेही सांगता येत नाही. अशा चित्रफितीला थंबनेल कोणते द्यावे, ही अडचण मात्र राहतेच. तिच्यात वापरण्याजोगा नायिकेचा चेहराच नसेल.